केडगावच्या पंडिता रमाबाई

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पुण्यापासून सुमारे ३४ मैलांवर, केडगाव नावाचे एक स्थानक आहे. १८९७ साली या गावाजवळच्या एका शेतात मोठे करुण दृश्य दिसत होते. फळझाडांच्या आजूबाजूस घाईघाईने छपरे उभारली होती आणि त्या छपरांखाली कित्येक मुली राहत होत्या. कोणाच्या अंगावर मांस म्हणून उरले नव्हते, कोणाच्या डोक्यात जखमा झाल्या होत्या, कोणी अन्न पाहताच त्यावर झडप घालीत, तर कोणास घास गिळण्याचेही त्राण नव्हते. मध्यप्रांतातील भीषण दुष्काळातून वाचलेल्या या मुली होत्या. जाड्याभरड्या पांढऱ्या वस्त्रातील एक ठेंगण्या बांध्याच्या बाई त्यांच्यामध्ये सतत वावरत असत. कोणाची मलमपट्टी नीट झाली की नाही, कोणास पेज मिळाली की नाही, रात्री कोण दचकून उठते, याकडे त्यांचे लक्ष असे. कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली होती आणि इंग्लंडातील एका नामांकित विद्यालयात ज्यांनी संस्कृत शिकवले होते, त्याच या पंडिता रमाबाई.

भूक म्हणजे काय हे रमाबाईंना कोणी सांगावे लागले नव्हते. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील रानात, गंगामूळ नावाच्या ठिकाणी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असा त्या काळचा दंडक असताना त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, घरी संस्कृत शिकवले. या अपराधाबद्दल उडुपी येथील धर्मसभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. पण शास्त्रीबुवांनी शास्त्रांचेच आधार काढून दाखवून आपली बाजू मांडली. पुढे वार्धक्यामुळे त्यांना स्वतः शिकवणे जमेना, तेव्हा लहानग्या रमेस लक्ष्मीबाईंनी शिकवले. पहाटे घरकामाला लागण्यापूर्वी आई मुलीस जागे करी आणि तिच्याकडून श्लोक म्हणवून घेई. अशा रीतीने भागवताचे अठरा हजार श्लोक रमेस मुखोद्गत झाले.

हे कुटुंब एका ठिकाणी कधी फार दिवस राहिले नाही. तीर्थयात्रा करावी, देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. कोणताही धंदा शिकावा किंवा पैसा साठवावा हे शास्त्रीबुवांच्या मनात कधी आले नाही. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकणाऱ्यांनाच खायला मिळेना, तेथे पुराणिकाला कोण देणार? भांडी गेली, दागिने गेले, अखेर काहीच उरले नाही. तिरुपतीच्या रानात या कुटुंबाने अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. १८७४ साली अनंतशास्त्री मरण पावले. थोड्याच दिवसांनी रायचूर येथे लक्ष्मीबाईंनीही प्राण सोडला. त्या परक्या गावात प्रेताला खांदा देण्यास माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा रमेचा भाऊ श्रीनिवास. चौथा खांदा सोळा वर्षांच्या रमेने दिला. ती उंचीने लहान असल्यामुळे तिरडीचा दांडा खांद्यावर न घेता तिला डोक्यावर घ्यावा लागला. स्मशान तीन मैल दूर होते. त्यानंतर मोठी बहीणही गेली.

उरलेली ही दोन भावंडे हिंदुस्थानभर पायी फिरली. एकदा पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि त्यांत पडून अंगावर वाळू ओढून घेऊन रात्र काढली. या भ्रमंतीत रमाबाईंनी पाहिले ते पोथ्यांत नव्हते. लहान वयात विधवा झालेल्या मुली, घरातून टाकून दिलेल्या स्त्रिया, तीर्थाच्या ठिकाणी भीक मागून जगणाऱ्या म्हाताऱ्या त्यांनी जागोजाग पाहिल्या.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांची एक मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन तिचा गौरव केला. परंतु सुखाचे दिवस थोडेच होते. १८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी रमाबाईंचा विवाह झाला. ते ब्राह्मण नव्हते, तेव्हा अशा विवाहास धैर्य लागे. १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचा अंत झाला. ज्या विधवांची दुःखे रमाबाई आजवर पाहत आल्या होत्या, त्यांच्यातच आता त्या जाऊन बसल्या. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर इत्यादी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. रमाबाईंनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ लिहिला आणि सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य निर्माण करण्याची गरज प्रतिपादन केली. आपण स्वतःच वैद्यकी शिकावी, या हेतूने १८८३ साली लहान मनोरमेस घेऊन त्या इंग्लंडास गेल्या. पण कानाने ऐकू कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा विचार त्यांना सोडून द्यावा लागला. हा बहिरेपणा पुढे जन्मभर वाढतच गेला.

इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहत होत्या. या भगिनींची एक शाखा लंडनमध्ये फुलहॅम येथे होती. समाजाने ज्यांना पतित ठरवून दूर लोटले होते, अशा स्त्रियांना तेथे आश्रय मिळे. रमाबाई ते काम पाहण्यास गेल्या आणि त्यांच्या मनावर त्याचा फार खोल परिणाम झाला. सुशिक्षित, कुलीन घरच्या भगिनी त्या स्त्रियांना शिवणकाम शिकवीत, त्यांच्या आजारात उशाशी बसत आणि त्यांच्याशी सख्ख्या बहिणींप्रमाणे वागत. असे वागण्याची प्रेरणा यांना कोठून मिळते, असा प्रश्न रमाबाईंना पडला. त्यांनी तो विचारलाही. तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची शुभवर्तमानातील कथा वाचून दाखवली. तापलेल्या दुपारी विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या, लोकांनी हीन मानलेल्या त्या स्त्रीशी येशू आदराने बोलतो, एवढीच ती गोष्ट. पण ती रमाबाईंच्या अंतःकरणात रुतून बसली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

ही वार्ता येथे येऊन पोचली तेव्हा मोठा गहजब झाला. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांतील अनेकांची मने दुखावली. शास्त्रपारंगत ब्राह्मणकन्येने धर्म सोडला याचे दुःख त्यांना झाले हे स्वाभाविकच होते. परंतु रमाबाईंनी स्वदेश मात्र सोडला नव्हता. त्या शाकाहारी होत्या, त्या तशाच राहिल्या. पोशाख बदलला नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, असा वाद त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी घातला. धर्माच्या एखाद्या गोष्टीची बुद्धीला खात्री पटल्यावाचून केवळ वडील माणसांच्या शब्दाखातर ती मान्य करण्यास त्या तयार नसत. यावरून त्या भगिनींनाही त्यांचा पुष्कळदा राग येई. अनंतशास्त्र्यांच्या मुलीकडून याहून वेगळे काय व्हायचे? पुढे चेल्टनहॅम येथील मुलींच्या विद्यालयात त्यांनी संस्कृत शिकवले आणि स्वतः गणित, शास्त्र व इंग्रजी वाङ्मय यांचा अभ्यास केला.

१८८६ साली त्यांच्या दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथे डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. या काळात त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धती शिकून घेतली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गावोगाव व्याख्याने दिली. त्यांचे म्हणणे ऐकून बॉस्टन येथे १८८७ च्या डिसेंबरात एक मंडळ स्थापन झाले. विधवांसाठी शाळा काढल्यास दहा वर्षे तिचा खर्च देण्याचे त्याने मान्य केले.

त्याप्रमाणे ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. अगदी आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाच्या एक बालविधवा होत्या. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाची एक वाट शारदा सदनाच्या अंगणातून गेली आहे, ती अशी. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. तेथे मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. जिच्या वाऱ्यासही उभे राहू नये असे आजवर लोक मानीत आले, ती मुलगी येथे खेळे, बागेत हिंडे, फुले तोडी आणि रमाबाईंच्या मांडीवर डोके ठेवून झोपे.

या मोकळिकीतूनच पुढे वाद उद्भवला. सदनात कोणावरही धर्माची सक्ती होणार नाही, असे रमाबाईंनी आरंभीच जाहीर केले होते. पण त्या स्वतः पहाटे प्रार्थना करीत, आणि त्यांच्या खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन त्या वेळी तेथे येऊन बसू लागल्या. मुलींना बाटवले जात आहे, अशी ओरड सुरू झाली. ‘केसरी’ने कडक टीका केली. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी सुमारे २५ मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंस सज्जन माणसे होती, हे विसरून चालणार नाही. आपल्या मुली विश्वासाने ज्यांच्या हाती दिल्या, त्यांच्या प्रार्थनेचाही परिणाम मुलींवर होतो, अशी भीती पालकांना वाटली. उलट, खोलीचे दार लावून घेतले असते तर हे संकट टळले असते. पण आपली श्रद्धा मुलींपासून लपवणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटत होते. ज्या मुलींना त्यांनी पोटच्या मुलीप्रमाणे वाढवले, त्या एकामागून एक बोचकी घेऊन निघून जाताना त्यांना पाहाव्या लागल्या. रिकाम्या झालेल्या खोल्या झाडून, उरलेल्या मुलींना घेऊन त्यांनी वर्ग पुढे चालू ठेवले.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. त्या बातम्या वाचून रमाबाईंना तिरुपतीचे रान आठवले. सदनाकडे होता तो पैसा पन्नासएक मुलींना कसाबसा पुरणारा होता. तरी त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या. सरकारने उघडलेल्या अन्नछत्रांत व रस्त्यांच्या कडेला त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या बाया व मुली पाहिल्या. निराधार मुलींना फसवून नेणारी दुष्ट माणसेही तेथे टपून बसली होती. अशा स्थितीत पैशाचा हिशेब करीत बसणे त्यांच्याने होईना. त्यांनी शेकडो मुली गोळा केल्या. याच सुमारास पुण्यात प्लेगाची साथ पसरली आणि इतक्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. संस्थेस उत्पन्न व्हावे म्हणून रमाबाईंनी केडगावास पूर्वीच जमीन घेऊन तीत संत्री, लिंबे व आंबे लावले होते. तेथे मुलींना हलवणे भाग पडले. मुक्तिसदनाचा आरंभ हा असा झाला.

त्या वर्षातील आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. प्लेगाच्या बंदोबस्तासाठी सरकारने पुण्यात जे कडक उपाय योजले, त्यांत स्त्रियांची विटंबना होत होती. रमाबाईंच्या आश्रयास असलेल्या एका मुलीची रुग्णालयात अत्यंत अनास्था झाली. राज्य करणारे ख्रिस्ती, रमाबाईही ख्रिस्ती. शिवाय मिशनरी मंडळींचे साहाय्य त्यांना हवे होते. गप्प राहणे सोयीचे होते. त्यांनी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात त्या रुग्णालयाच्या व्यवस्थेवर उघड टीका केली, आणि ते प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. मुंबईच्या गव्हर्नरांनी आरोप नाकारले. रमाबाईंनी आपले म्हणणे सोडले नाही.

केडगावच्या शेतात आता खऱ्या कामास आरंभ झाला. उपाशी माणसाला एकदम पोटभर घातले तर ते मरते, हे रमाबाई जाणून होत्या. म्हणून प्रथम पेज, मग मऊ भात, असा क्रम ठेवावा लागे. डोक्यातील जखमा बऱ्या होण्यासाठी केस काढावे लागत. बहुतेकींना अक्षरओळख तर नव्हतीच, पण अंघोळ करणे, केर काढणे, दिलेले काम शेवटास नेणे हेही शिकवावे लागले. भुकेने माणूस चोरी शिकतो. कित्येक मुली भाकरीचे तुकडे अंथरुणाखाली लपवून ठेवीत. उद्याही जेवण मिळेल, यावर त्यांचा विश्वास बसण्यास वेळ लागे. शारदा सदनातील जुन्या विद्यार्थिनींनी यातील प्रत्येक लहान गटाचा भार उचलला. काल ज्या स्वतः आश्रित होत्या, त्या आज दुसऱ्यांच्या आया झाल्या.

१८९९ पासून गुजरात व राजपुताना येथे पुन्हा दुष्काळ पडला. रमाबाईंनी आपल्या कार्यकर्त्या तिकडे पाठवल्या आणि आणखी हजारावर मुली आणल्या. १९०० साली मुक्तिसदनात सुमारे १९०० माणसे होती. एवढ्या मोठ्या परिवारास रोज दोन वेळा जेवू घालणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे. त्यातून पाण्याची टंचाई पडली. दिवसभर उपसून विहिरी तळास जात. रात्रीतून थोडे झरलेले पाणी पहाटे पुन्हा भरावे लागे. नव्या विहिरी खणल्या गेल्या. त्या खणताना उपयोगी पडली ती मुलींच्या हातातील घमेली व कुदळी, आणि त्याआधी रोज होणारी सामुदायिक प्रार्थना. रमाबाईंच्या दृष्टीने या दोन गोष्टी निरनिराळ्या नव्हत्या. रविवारी देवळात एक वर्तन आणि सोमवारी स्वयंपाकघरात दुसरे, असा भेद त्यांच्या घरात चालत नसे. धान्य निवडताना खडा राहिला, आजारी मुलीला औषध देण्यास विसरले, तर ती त्यांना धर्मातील चूक वाटे.

आयत्या अन्नावर मुलींना वाढवणे त्यांना मुळीच मान्य नव्हते. धंदा न शिकल्यामुळे आपल्या आईबापांवर कोणती पाळी आली, हे त्या विसरल्या नव्हत्या. म्हणून मुक्तिसदनात शाळेच्या जोडीला हातमाग आले, तेलाचा घाणा आला, दूधदुभते, शिवणकाम, धोबीकाम व शेती आली. छापखाना निघाला आणि त्यातील खिळे जुळवण्यापासून पुस्तके बांधण्यापर्यंतचे काम मुली करू लागल्या. मुलींनी छापखाना चालवावा याचे त्या काळी लोकांस नवल वाटे. वृद्ध स्त्रियांसाठी ‘प्रीति सदन’ आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ उघडले. कृपा सदन पाहिले म्हणजे फुलहॅमच्या त्या घराची आठवण होते. अंधांना तर कोणीच विचारीत नसे. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेतली आणि अंध मुलींना बोटांनी वाचण्यास शिकवले. त्या वाचू लागल्या, टोपल्या विणू लागल्या, आणि त्यांतील काही डोळस मुलींनाही शिकवू लागल्या.

मनोरमा ही आईचा उजवा हातच होती. आपल्यामागे संस्था तीच चालवील अशी रमाबाईंची अपेक्षा होती. पण ती प्रकृतीने नाजूक होती आणि कामाचा भार अतोनात होता. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. आई, बाप, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी! तेव्हा रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नव्हते आणि शरीर थकले होते. तरी हातातील एक काम पुरे व्हावयाचे होते.

ते काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. मराठीत बायबल पूर्वीपासून होते. पण त्याची भाषा खेड्यातून आलेल्या, नुकतेच वाचू लागलेल्या बायांना कळत नसे. शब्दाशब्दाला अडखळून त्या पुस्तक मिटून ठेवीत. ज्या पंडितेस लहानपणापासून भारदस्त संस्कृत सहज बोलता येत होते, तिने ते वैभव बाजूस ठेवून दळणाऱ्या-कांडणाऱ्या बाईला समजेल अशा साध्या मराठीत हा ग्रंथ आणण्याचे ठरवले. मूळ ग्रंथ हिब्रू व ग्रीक भाषांत. म्हणून उतारवयात त्या भाषांचा अभ्यास केला. संस्थेची पत्रे, हिशेब, आजारी मुली, विहिरी, बैल आणि भेटीस येणारी मंडळी यांतून वेळ काढून बारा वर्षांहून अधिक काळ हे काम चालले. एखादा शब्द बायकांना कळत नाही असे दिसले की तो खोडून दुसरा घालावा. हे विद्वानांना मानवणारे भाषांतर नव्हे, असे कोणी म्हणत. ते विद्वानांसाठी नव्हतेच.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. त्यामुळे त्यांच्या दिनक्रमात काही फरक पडला असे दिसत नाही. मनोरमा गेल्यावर त्यांनी मुद्रिते तपासण्याचे काम अधिकच नेटाने चालवले. छापखान्यातून ओली पाने यावीत, त्यांनी ती तपासून परत पाठवावीत आणि मुलींनी खिळे दुरुस्त करावेत, असे महिन्यांमागून महिने गेले. १९२२ च्या एप्रिलच्या आरंभी अखेरची मुद्रिते त्यांच्या हातून पुरी झाली. त्यानंतर थोड्याच अवधीत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे झोपेतच त्यांचा देहान्त झाला.

छपाईचे काम थांबले नाही. १९२४ साली त्यांचे संपूर्ण बायबल मुक्तिसदनाच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, पाने मोडणाऱ्या आणि पुठ्ठे बांधणाऱ्या स्त्रियांमध्ये दुष्काळातून वाचलेल्या मुलीही होत्या.